घाबरलेला राजा क्रूर का होतो? चीनच्या इतिहासातले तीन सम्राट



इतिहासाच्या तासाला मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "तो राजा एवढा दुष्ट का होता?" आपण घाईत उत्तर देतो, "होता तसा!" आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण हे काही उत्तर नव्हे. "दुष्ट होता म्हणून दुष्टपणे वागला" यातून मुलाला काहीच कळत नाही.

आज चीनच्या इतिहासातले तीन सम्राट बघू. तिघांनीही गादी गमावली. तिघांच्याही मनात भीती होती आणि तिघांच्याही हातून भयंकर गोष्टी घडल्या. पण प्रत्येकाची भीती वेगळी होती. ती नीट समजून घेतली की मुलांच्या प्रश्नाचं उत्तर सापडायला लागतं.

१) हूहाय : चोराच्या मनात चांदणं

इ.स.पू. २२१ मध्ये छिन शी ह्वांग याने पहिल्यांदा सगळा चीन एका सत्तेखाली आणला. इ.स.पू. २१० मध्ये तो दौऱ्यावर असताना वारला. बरोबर असलेला दरबारी झाओ काओ आणि प्रधान ली सी यांनी ही बातमी लपवली. थोरला मुलगा फूसू याच्या नावाने खोटा हुकूम पाठवला की तू आत्महत्या कर. त्याने ती केली, आणि धाकटा हूहाय गादीवर बसला.

गादी अशी मिळालेली. मग झोप कशी लागणार? आपली चोरी भावंडांना कळेल, जुने सरदार उठतील, ही धास्ती. झाओ काओने सल्ला दिला की कायदे आणखी कडक करा आणि ज्यांचा संशय येतो त्यांना संपवा. इतिहासकार सिमा छ्येन यांनी १२ राजपुत्र आणि १० राजकन्या मारल्याची नोंद केली आहे. पुढे ली सीलाही ठार केलं.

शिक्षा कडक केल्याने राज्य टिकलं का? नाही. इ.स.पू. २०९ मध्ये सक्तीच्या कामावर निघालेली माणसांची एक तुकडी पावसामुळे वाटेत अडकली. उशीर झाला तर मृत्युदंड, आणि बंड केलं तरी मृत्युदंड. मग त्यांनी बंडच केलं! लहान चुकीला आणि मोठ्या गुन्ह्याला एकच शिक्षा ठेवली की माणूस लहान चुकीवर थांबत नाही.

शेवटी झाओ काओने दरबारात एक हरीण आणलं आणि म्हणाला, हा घोडा आहे. कोणी गप्प बसलं, कोणी "हो, घोडाच" म्हणालं. जे "हरीण" म्हणाले त्यांना त्याने नंतर अडकवलं. खरं बोलणारं कोणीच उरलं नाही. इ.स.पू. २०७ मध्ये झाओ काओच्याच माणसांनी हूहायला घेरलं. मला एखादा प्रांत द्या, नाहीतर साधा सरदार करा, नाहीतर सामान्य माणूस म्हणून तरी जगू द्या, अशी विनवणी त्याने केल्याचं सांगतात. कोणी ऐकलं नाही. त्याला आत्महत्या करावी लागली.

२) छोंगझेन : संशयाचा भोवरा

मिंग घराण्याचा हा शेवटचा सम्राट १६२७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आला. हा काही ऐषआरामी नव्हता. मेहनती होता, काटकसरी होता. राज्य वाचवायची त्याला खरोखर तळमळ होती. पण उत्तरेकडून मांचू सैन्य, आत दुष्काळ आणि शेतकऱ्यांची बंडं. या ताणात त्याचा कोणावरच विश्वास उरला नाही.

१६३० मध्ये त्याने युआन छोंगह्वान या आपल्या उत्तम सेनापतीला राजद्रोहाच्या आरोपाखाली अतिशय क्रूरपणे ठार केलं. सतरा वर्षांत त्याने सुमारे पन्नास मुख्य मंत्री बदलले. आता तुम्हीच सांगा, जिथे खरं बोलल्यावर डोकं उडायची भीती, तिथे राजाला खरी बातमी कोण सांगणार?

एप्रिल १६४४ मध्ये ली झिचेंगचं बंडखोर सैन्य बीजिंगमध्ये शिरलं. त्या रात्री सम्राटाने राणीला जीव द्यायला सांगितलं. मुली शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच त्यांच्यावर तलवार चालवली. त्यात धाकटी मेली, मोठीचा हात तुटला. पहाटे मंत्र्यांना बोलावण्यासाठी घंटा वाजवली, पण एकही मंत्री आला नाही, असं सांगतात. मग राजवाड्यामागच्या टेकडीवर त्याने गळफास घेतला. सोबत होता फक्त एक खोजा सेवक.

(हा भाग लहान मुलांना सांगू नका. घंटा वाजली आणि कोणीच आलं नाही, एवढं पुरे. त्यावर मुलं छान बोलतात.)

३) पु यी : वड्याचं तेल वांग्यावर

तिसरा पु यी, चीनचा शेवटचा सम्राट. १९०८ मध्ये गादीवर बसला तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. १९१२ मध्ये गादी गेली. पण नव्या सरकारने त्याला राजवाड्यातच राहू दिलं. बाहेर राज्य नाही, आत मात्र शेकडो सेवक पाया पडतात. वय अकरा होईपर्यंत खोज्यांना फटके द्यायला लावणं हा रोजचा भाग झाला होता, असं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलं आहे.

त्यातला एक प्रसंग आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एकाला बक्षीस म्हणून लोखंडाचा कीस घातलेला केक द्यायचा, अशी "गंमत" या मुलाला सुचली. सगळ्या राजवाड्यात त्याला अडवणारी एकच व्यक्ती निघाली, त्याची दूधआई. दात तुटतील ना त्याचे, असं तिने समजावलं आणि लोखंडाऐवजी कडक कडधान्य घालायला सुचवलं. समोरच्यालाही आपल्यासारखंच दुखतं, हे त्याला शिकवणारी ती एकटी. पुढे तिलाही वाड्यातून काढून टाकलं.

१९२४ मध्ये पु यीला राजवाड्याबाहेर काढलं. १९३२ मध्ये जपान्यांनी त्याला मांचुरियात नावापुरता प्रमुख केलं, १९३४ मध्ये सम्राट. सही त्याची, हुकूम जपानी अधिकाऱ्यांचा. आपल्याला मारून टाकतील या भीतीत तो जगत होता. जपान्यांपुढे चालेना, मग राग निघाला कोणावर? वाड्यात कामाला ठेवलेल्या अनाथ पोरांवर. पळून जाऊ पाहणारा एक मुलगा मारहाणीत मेला. आणि याच काळात पु यी माश्यासुद्धा मारू देत नव्हता, त्यांना हाकलायला सांगायचा! पाप लागेल ही भीती. म्हणजे धर्मभीरूपणा होता, पण समोरच्या पोराची वेदना दिसत नव्हती.

मग उत्तर काय?

"भीतीमुळे माणूस क्रूर होतो" हे अर्धंच उत्तर आहे. घाबरलेले तर सगळेच होते. हूहायच्या दरबारात हरणाला हरीण म्हणणारेही घाबरलेलेच असणार. मग ते क्रूर का झाले नाहीत?

पु यीच्या पुढच्या आयुष्यात याचा धागा सापडतो. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याला पकडलं, १९५० मध्ये चीनच्या ताब्यात दिलं. फूशुनच्या तुरुंगात तो प्रचंड घाबरलेला होता, आपल्याला फाशीच होणार असं त्याला वाटायचं. पण आता हाताखाली कोणी नव्हतं. सुरुवातीला त्याची कामं करणाऱ्या पुतण्यांनाही वेगळं ठेवलं. कपडे धुणं, बुटाची नाडी बांधणं तो तिथे शिकला. १९५९ मध्ये माफी मिळाली. बीजिंगच्या वनस्पती उद्यानात त्याने काम केलं आणि १९६७ मध्ये वारला.

म्हणजे बघा, भीती दोन्हीकडे होती. एका ठिकाणी हाताखाली असहाय माणसं होती आणि "नको" म्हणणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी तसं नव्हतं. भीती, हातातली सत्ता आणि अडवणारं कोणी नसणं, ही तीन एकत्र आली की क्रौर्य जन्माला येतं. कारण कळलं म्हणजे दोष माफ झाला असं मात्र नाही. मेलेला मुलगा परत येत नाही.

वर्गात घेताना

मोठ्या मुलांना हेही विचारायला लावा की हे आपल्याला कोणी सांगितलं. सिमा छ्येन यांनी लिहिलं ते छिन घराणं पडल्यावर शंभरेक वर्षांनी, ज्यांनी नंतर राज्य मिळवलं त्या हान घराण्याच्या काळात. पु यीचं पुस्तक कैदेत लिहिलेल्या कबुलीजबाबातून तयार झालं, आणि तिथे जुनं आयुष्य वाईट होतं असं म्हणणं अपेक्षितच होतं. म्हणून ते खोटं ठरत नाही, पण वाचताना भान ठेवायला हवं.

चर्चेसाठी काही प्रश्न:
- हरणाला घोडा म्हणणारे लोक वाईट होते की घाबरलेले?
- घंटा वाजल्यावर मंत्री का आले नसतील?
- दूधआईने रागावण्याऐवजी काय केलं?

आणि एक प्रश्न आपल्या मोठ्यांसाठी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मारण्याला आणि मानसिक त्रास देण्याला बंदी घातली आहे. पण वरून आलेला ताण, निकालाची धास्ती, घरातल्या पैशाची चिंता, हे सगळं शेवटी कोणावर निघतं? ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर. आपला वर्ग किंवा आपलं घर म्हणजे साम्राज्य नव्हे, पण तिथे सत्ता आपल्याच हातात असते. "सर, हे बरोबर नाही" किंवा "आई, तू उगाच ओरडलीस" असं म्हणायची मोकळीक मुलाला आहे का, एवढं तपासून बघू या. हरणाला हरीण म्हणणारं मूल वर्गात असणं, हे आपल्याच फायद्याचं आहे.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी या प्रश्नांना काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.