कुत्रे चावले, तर कागद जपा

मंडळी, आमच्या वर्गात येणाऱ्या एका बाईंची ही हकिगत. गाव छत्रपती संभाजीनगरच्या जवळचेच. बाई दूध घालून परत येत होत्या. वाटेवरच्या वस्तीतले पाळलेले कुत्रे धावून आले आणि पोटरीला चावले. रक्त आले. कुत्र्याचा मालक म्हणाला, "मिरचीपूड भरा, बरे होईल." थोड्या वेळाने तो पाचशे रुपये आणि एक कागद घेऊन घरी आला. म्हणाला, "इथे सही करा, म्हणजे मिटले."

बाईंनी सही केली का, ते शेवटी सांगू. आधी अशा वेळी काय करावे ते पाहू.

पहिले काम जखमेचे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम 15 मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर वाचतो. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. जवळ ते नसेल तर शहरात घाटीचा मोठा दवाखाना आहे. डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना सुया घ्याव्यात. एकही चुकवू नये.

दुसरे काम कागदाचे. केसपेपरवर "कुत्रे चावले" असे आणि तारीख लिहिली आहे का, ते स्वतः वाचून पाहावे. औषधाच्या आणि गाडीभाड्याच्या पावत्या जपाव्यात. पुढचे सारे याच कागदांवर चालते.

कुत्रे पाळलेले असेल, तर ते आवरणे मालकाचे काम आहे. त्याने हयगय केली तर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुंबईत 2010 साली एका माणसाचे कुत्रे 72 वर्षांच्या नातेवाइकाला चावले. 2023 साली कोर्टाने मालकाला तीन महिन्यांची कैद दिली. निकालाला बारा वर्षांहून जास्त लागली. इतकी वर्षे कागद टिकला पाहिजे!

दंड सरकारात जमा होतो. आपला खर्च हवा असेल तर भरपाईचा दावा वेगळा करावा लागतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा 15100 या नंबरवर फोन करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो.

कुत्रे मोकाट असेल, तर शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी.

आता विम्याचे. बँकेतल्या खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा मिळतो. वय 18 ते 70 हवे. अपघाती मृत्यू आला तर घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. कायमचे अपंगत्व आले तर एक किंवा दोन लाख मिळतात. औषधपाण्याचा खर्च मात्र त्यात मिळत नाही. शेतकरी कुटुंबासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. जनावर चावून मृत्यू किंवा अपंगत्व आले तर तीतही मदत मिळते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत द्यावा. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: दवाखान्याची नोंद कुठे आहे?

आता त्या बाईंचे. त्यांनी कागद हातात घेतला आणि अक्षर लावून सावकाश वाचला. त्यात लिहिले होते, "माझी तक्रार नाही व पुढेही राहणार नाही." बाईंनी पैसे आणि कागद दोन्ही परत दिले. म्हणाल्या, "दादा, आपले भांडण नाही. आधी माझ्या सुया पुऱ्या होऊ द्या. हिशेब मग करू." आणि लगेच मुलाला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या.

सुया पुऱ्या झाल्या. बाईंनी पावत्या पुढे ठेवल्या. मालकाने सगळा खर्च दिला आणि कुत्र्याला साखळी घातली.

वर्षापूर्वी याच बाई अंगठा उठवत होत्या.