कापडासारखी दिसणारी पिशवी

मैत्रिणींनो, २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पण दुकानदार देतो ती मऊ, रंगीत पिशवी जरा उजेडात धरून बघा. कापडात उभे-आडवे धागे दिसतात; हिच्यात धागेच नाहीत, नुसते ठिपके उमटलेले. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच! थोड्या दिवसांत तिचा चुरा होतो, पण तो मातीत काही मिसळत नाही.

त्यापेक्षा जुन्या सुती चादरीची पिशवी शिवा. बंद नुसते काठाला टाचू नका, तळाखालून फिरवून घ्या. मग पाच किलो कांदे-बटाटे भरले तरी उसवायची नाही. मासळीला मात्र डबाच बरा. धुऊन वाळली की पिशवी कपाटात ठेवू नका, दारामागे अडकवा. चपला घालताना दिसली पाहिजे.