छावणीतील रंगभूमी

डिसेंबर १८०३ मध्ये अमरावती जिल्ह्यातील सुर्जी-अंजनगावी दौलतराव शिंदे यांना तह करावा लागला आणि दिल्लीसह गंगा-यमुनांमधील दुआब इंग्रज कंपनीकडे गेला. १८०९ मध्ये रणजितसिंहांशी झालेल्या तहाने सतलज ही सरहद्द ठरली. या सरहद्दीच्या पाठीशी, दिल्लीहून सुमारे ७० किलोमीटरांवर, मीरतला गोऱ्या पलटणींची मोठी छावणी वसली.

त्या काळचा गोरा शिपाई प्रायः आजन्म चाकरीसाठी भरती होई. लढाई क्वचितच. एरवी पहाटेची कवाईत आटोपली की उन्हाळ्याचा उरलेला दिवस बराकीत कसाबसा कंठावयाचा. तापाइतकाच दारूनेही त्याचा घात होई. म्हणूनच शिस्तीचे कडवे अधिकारीदेखील त्याच्या नाटकांना उत्तेजन देत. नकला पाठ करणे, पडदे रंगविणे, पोशाख बेतणे यांत रिकामे हात गुंतून राहत. वाद्ये वाजविण्यास पलटणीचा बँड असेच. आवड मुख्यतः प्रहसनांची.

अडचण असे ती स्त्रीभूमिकांची. बायका बरोबर आणण्याची परवानगी मोजक्याच शिपायांना मिळे. तेव्हा दाढीमिशा काढून पुरुषच नायिका होत. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात नवल ते काय वाटणार! परंतु हौशी नटांचे रुसवेही हौशीच. १८३८ मध्ये सिमल्याला साहेबलोकांनी दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी नाटके योजिली. त्यांतील एक गृहस्थ स्त्रीभूमिकेसाठी मिशा उतरविण्यास तयार होईनात, आणि दुसरे अस्वलाच्या शिकारीला निघून गेले. गव्हर्नर जनरलची बहीण एमिली ईडन हिने हा प्रसंग मिस्कीलपणे लिहून ठेवला आहे.

या छावणीजीवनातूनच एक खरीखुरी अभिनेत्री निपजली. एस्थर लीच ही मीरतला १८०९ मध्ये जन्मलेली एका शिपायाची मुलगी. छावणीच्या नाटकांत ती लहानपणीच वावरू लागली आणि पुढे लष्करातल्याच माणसाशी तिचा विवाह झाला. १८२६ मध्ये ती कलकत्त्याच्या चौरंगी थिएटरात उभी राहिली. १८३९ मध्ये ते जळाल्यावर तिने ‘सां सूसी’ हे स्वतःचे नाट्यगृह काढले. नोव्हेंबर १८४३ मध्ये प्रयोग चालू असताना तिच्या वस्त्रांनी रंगमंचावरील दिव्याची आग धरली आणि त्या भाजण्यातच तिचा अंत झाला. त्याच महिन्यात सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगले.

‘सां सूसी’ तिच्यामागेही चालले. ऑगस्ट १८४८ मध्ये तेथे वैष्णवचरण आढ्य हा बंगाली तरुण गोऱ्या नटांसमवेत ऑथेल्लोची भूमिका करणार होता. किरकोळ कामांसाठी दमदमच्या छावणीतील शिपाई घेतले होते. ऐन वेळी त्यांच्या लष्करी अधिकाऱ्याने परवानगी नाकारली आणि जमलेल्या प्रेक्षकांना परतावे लागले. आठवड्याने, १७ ऑगस्टला, तो प्रयोग झाला.