बिनघुमटाची मशीद : कालिकतची मिश्काल पळ्ळी

मशीद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गोल घुमट, उंच मिनार आणि कमानींची रांग उभी राहते. दिल्ली, आग्रा, विजापूर ही नावे आपल्या परिचयाची असल्यामुळे असे होणे स्वाभाविकच आहे. परंतु केरळातील कोळिकोड शहरात, म्हणजे आपण ज्याला पूर्वापार कालिकत म्हणत आलो त्या बंदरात, कुट्टिचिरा नावाच्या तळ्याकाठी एक मशीद आहे. तिला घुमट नाही आणि मिनारही नाही. चार मजल्यांची ही इमारत उतरत्या छपरांखाली उभी आहे. खालून वर जावे तसा एकेक मजला लहान होत जातो. अपरिचित प्रवाशाला तो एखाद्या जुन्या संस्थानिकाचा वाडा वाटावा. ही मिश्काल मशीद. तिच्या निमित्ताने आम्हांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : वास्तूची ओळख तिच्या आकाराने ठरते, की ती ज्या मातीत व ज्या माणसांत वाढली त्यांच्यामुळे ठरते?

प्रथम धर्माची अपेक्षा काय ते पाहू. नमाजासाठी स्वच्छ जागा, मक्केकडे तोंड आणि वजूसाठी पाणी एवढ्या गोष्टी मुख्य होत. मदीनेतील पहिल्या मशिदीचे खांब खजुराच्या बुंध्यांचे होते आणि छप्पर झावळ्यांचे होते. तिला घुमट नव्हता, मिनारही नव्हता. हे दोन्ही अवयव पुढे निरनिराळ्या देशांतील बांधकामपद्धतींतून मशिदीला लाभले. इराणात विटा विपुल, म्हणून तेथे विटांचे घुमट झाले. मलबारात जंगल विपुल, म्हणून तेथे लाकडाची मशीद झाली. दोहोंचा अधिकार सारखाच आहे.

आता ही मशीद कोणाची ते पाहू. तिच्याशी जोडलेले नाव नाखुदा मिश्काल याचे आहे. नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा प्रमुख. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास कालिकतला आला, तेव्हा त्याने या बंदरातील मिश्काल नावाच्या एका धनाढ्य जहाजमालकाचा उल्लेख केला आहे. त्याची जहाजे चीन, येमेन आणि इराणपर्यंत व्यापार करीत. यावरून लक्षात येते की ही मशीद कोणा सुलतानाने विजयाची खूण म्हणून उभारलेली नाही. मिरी आणि आले यांच्या व्यापारावर जगणाऱ्या एका बंदरात, हिंदू राजाच्या छत्राखाली, एका व्यापाऱ्याने ती बांधली. मलबारात इस्लाम मुख्यतः वाऱ्यावर आला, घोड्यावर नव्हे. मोसमी वाऱ्यांबरोबर अरब जहाजे येत, आणि परतीचे वारे सुटेपर्यंत खलाशी व व्यापारी किनाऱ्यावर राहत. त्यांतील काहींनी येथेच संसार थाटले.

कालिकतच्या राजाला आपण झामोरीन म्हणतो. मलयाळी माणूस त्याला सामुतिरी म्हणतो. याच शहरातील मुच्चुंदी मशिदीत तेराव्या शतकातील एक शिलालेख आहे. त्याचा काही मजकूर अरबीत आहे आणि काही जुन्या मलयाळम भाषेत. मशिदीच्या नित्य खर्चाची तरतूद राजाने केल्याची नोंद त्यात आहे. एकाच शिळेवर दोन भाषा शेजारी शेजारी कोरलेल्या पाहिल्या म्हणजे त्या बंदराच्या संस्कृतीचे वेगळे वर्णन करावे लागत नाही.

मिश्काल मशिदीच्या बांधणीकडे वळू. पाया व खालच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. आपल्या कोकणातला चिरा तो हाच : खणताना मऊ आणि हवा लागली की टणक होणारा. आतील नमाजगृहाचा भार २४ कोरीव खांबांवर आहे. वरच्या मजल्यांत दगड कमी होत जातो आणि लाकूड वाढत जाते. भिंतींच्या जागी लाकडी पट्ट्यांची जाळी येते. तीतून वारा खेळतो, परंतु पावसाचा झोत आत येत नाही. या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथे सपाट गच्ची टिकणे कठीण. म्हणून छप्पर तीव्र उताराचे आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात इतके पुढे आलेले. छपराच्या टोकांना त्रिकोणी तोंडे ठेवलेली असतात. तीतून आतली ऊन हवा बाहेर पडते आणि वाशांना कूज लागत नाही.

हे ज्ञान ज्यांचे, ते मलबारचे आशारी, म्हणजे सुतार. त्यांची विद्या पिढीजात. लाकडाची निवड, खांबाचे माप, तुळई आणि वासा यांचा सांधा, हे सारे त्यांच्या तच्चुशास्त्रात बसवलेले. राजाचा वाडा असो, देवळाचे छप्पर असो, की मशीद असो, हत्यार तेच आणि हातही त्याच परंपरेचे. म्हणून मलबारच्या जुन्या मशिदी देवळांच्या छपरांशी मिळत्याजुळत्या दिसतात. असे साम्य दिसले की ‘हे मूळचे दुसऱ्याच कोणाचे असले पाहिजे’ असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. प्रत्येक वास्तूचा इतिहास तिच्या लेखांवरून आणि अवशेषांवरून ठरवावा हे योग्यच. परंतु केवळ रूपसाम्य एवढेच सांगते की दोन्हींचा सुतार एका आळीतला होता.

भाषाही हीच साक्ष देते. मलयाळममध्ये मशिदीला ‘पळ्ळी’ म्हणतात. ख्रिस्ती देवालयालाही पळ्ळीच म्हणतात, आणि त्याआधी बौद्ध व जैन यांच्या धर्मस्थानांनाही हाच शब्द होता. नवा धर्म आला तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी घरातलाच शब्द काढून दिला. कुट्टिचिराभोवती राहणाऱ्या कोया मुसलमानांची जुनी घरेही पाहण्यासारखी आहेत. त्यांच्यात मुलगी लग्नानंतर आईच्याच घरी राहते आणि वंश आईकडून मोजला जातो. ही मातृवंशाची रीत त्या भूमीची. नमाज मक्केच्या दिशेचा. दोन्ही गोष्टी एकाच घरात शतकानुशतके नांदल्या.

या मशिदीने अग्निदिव्यही केले आहे. जानेवारी १५१० मध्ये अल्बुकर्कच्या पोर्तुगीज सैन्याने कालिकतवर हल्ला केला आणि मिश्काल मशीद पेटवून दिली. सामुतिरीच्या लोकांनी तो हल्ला परतवला. पोर्तुगीजांचा सेनानी कुतिन्यो त्यात मारला गेला. त्याच साली अल्बुकर्कने गोवे घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. मलबारच्याच शेख झैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकात अरबीत लिहिलेल्या ‘तुहफतुल मुजाहिदीन’ या ग्रंथात मशीद जाळल्याची नोंद आहे. पुढे १५७१ मध्ये सामुतिरीने पोर्तुगीजांचा चालियमचा किल्ला जिंकून जमीनदोस्त केला. तेथून आणलेले चिरे व लाकूड मशिदीच्या कामी आले, असे परंपरा सांगते. १५७८-७९ च्या सुमारास मशीद पुन्हा उभी राहिली. वरच्या मजल्यावर त्या आगीच्या खुणा अजून दाखवतात. बांधणाऱ्यांनी ती पूर्वीच्याच वळणावर उभी केली, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. जे जळाले ते आपले होते, म्हणून तेच त्यांनी परत आणले.

आजचा धोका मात्र आगीचा नाही. गेल्या काही दशकांत मलबारातील कितीतरी जुन्या लाकडी मशिदी उतरवून त्यांच्या जागी सिमेंटचे घुमट आणि मिनार उभे राहिले. त्यामागे वाईट हेतू नव्हता. नमाजाला जागा अपुरी पडत होती. हातात परदेशी मिळकतीचा पैसा आला होता. आणि चित्रात दिसते तशी ‘खरी’ मशीद आपल्या गावी असावी, अशी हौसही होती. कोडुंगल्लूरच्या सुप्रसिद्ध चेरमान मशिदीतही १९७४ मध्ये पुढचा जुना भाग पाडून वाढ करण्यात आली, आणि नंतर तिला घुमट-मिनारांचे रूप आले. अलीकडे ही भर काढून जुन्या स्वरूपाकडे परतण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले. गेलेले परत आणणे किती कष्टाचे असते, हे त्यावरून कळावे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. गोव्यात फोंड्याजवळ १५६० मध्ये आदिलशाहीत बांधलेली साफा मशीद आहे : जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि शेजारी चिऱ्यांनी बांधलेले तळे. कोकणातही कौलारू मशिदी आहेत आणि कौलारू देवळेही आहेत. तेथेही जुने उतरवून नवे उभारताना हाच मोह पडतो, आणि तो एकाच धर्माच्या लोकांना पडतो असे नाही. गाभाऱ्यावरचे लाकडी छप्पर काढून त्या जागी दूरदेशीचे सिमेंटचे शिखर चढवणारेही आपल्यांतच आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. देव कोणत्या दिशेला आहे हे धर्म सांगतो; पावसात उभे कसे राहावे हे भूमी सांगते. मिश्काल मशिदीने दोघांचेही ऐकले, म्हणून ती साडेचारशे वर्षे उभी आहे. आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू उतरवण्याचा ठराव पुढे येईल तेव्हा, ती कोणाच्याही पूजेची असो, त्या गावच्या म्हाताऱ्या सुताराला एकदा बोलावून तिचे छप्पर दाखवावे. त्याचे ऐकून घेतल्यावर मग हात वर करावयाचा की नाही, ते ठरवावे.