मैदानामागचं मैदान (भाग ७) : रँटी मार्टिन्स आणि निसटती जमीन

स्ट्रायकर सारखे क्लब का बदलतात, हे या आठवड्यात पाहू. शिनोली-घोडेगावच्या जत्रांत कुस्ती मारायला येणारा मल्ल आज या गावात, उद्या त्या गावात असतो. त्याच्या निष्ठेबद्दल कुणी शंका काढत नाही. फुटबॉलपटूला मात्र आपण पटकन पैशाच्या मागे धावणारा ठरवतो. नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सची भारतातली कारकीर्द पाहिली, की हा आरोप किती उथळ आहे ते कळतं.

आपल्याकडे परदेशी स्ट्रायकर रँटीच्या आधीपासून येत होते. चिमा ओकोरी कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. अशा खेळाडूंवर ओझं मोठं असतं. संघात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, आणि त्यातली एक बहुधा गोल करणाऱ्यासाठी राखलेली. बचावपटूचं काम आकड्यांत मोजता येत नाही, स्ट्रायकरचं दर रविवारी मोजलं जातं. चार सामने कोरडे गेले की पुढच्या हंगामाचा करार डळमळतो.

रँटी 2004 मध्ये गोव्याच्या डेम्पोत आला. त्याच वर्षी 5 डिसेंबरला बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझीलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल करताना गोलरक्षकावर आदळला आणि गतप्राण झाला. तोही फिरता खेळाडू, आदल्या हंगामात ईस्ट बंगालचा. डेम्पोनं त्याची दहा नंबरची जर्सी निवृत्त केली, आणि त्याच हंगामात राष्ट्रीय लीगही जिंकली. या घटनेचा उल्लेख आपल्या फुटबॉलच्या गप्पांत फार कमी होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढची आठ वर्षं रँटी हललाच नाही. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, मधल्या फळीत पास पुरवणारा ब्राझीलचा बेतो आणि पुढे रँटी, अशी ही घडी बसली होती. 2005 ते 2012 दरम्यान डेम्पोनं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. 2010-11 मध्ये रँटीचे 30 गोल झाले, पुढच्या हंगामात 32. क्लब स्थिर होता, म्हणून स्ट्रायकरही स्थिर राहिला. माझ्या मते या कारकिर्दीचं सगळं मर्म इथेच आहे.

2012 मध्ये तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. कोस्टा रिकाकडून विश्वचषक खेळलेला कार्लोस हर्नांदेझही तिथे होता. रँटीनं 26 गोल करून पुन्हा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. मग प्रायोजक गेला, आणि क्लबच्या नावातला ‘प्रयाग’ही गेला. 2013-14 मध्ये तो शिलाँगच्या रंगदाजिएड युनायटेडच्या जर्सीत दिसला. 2014 मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्यानं हे दोन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर फेकले गेले. खेळाडूनं क्लब सोडला म्हणायचं, की क्लबच त्याच्या पायाखालून सरकला म्हणायचं?

तिथून ईस्ट बंगाल. तिथे प्रशिक्षक होते तेच आर्मांदो. रँटीचा पाय पुन्हा चालू लागला. 2014-15 मध्ये 17, तर 2015-16 मध्ये 12 गोल, आणि दोन्ही वेळा लीगमध्ये सर्वाधिक. पाच गोल्डन बूट, तेही तीन वेगवेगळ्या क्लबांकडून. फिरस्तेपणानं खेळ बिघडतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

आणि ज्या घरात तो आठ वर्षं राहिला ते डेम्पो? 2015 मध्ये ते खालच्या विभागात घसरलं, वर्षभरात ती स्पर्धा जिंकून परतण्याचा हक्कही मिळवला, पण 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा यांच्याप्रमाणे आय-लीगमधून माघार घेतली. त्या माघारीमागे लीगच्या रचनेचा जो वाद होता, तो पुढच्या भागात.