कार्डाचे पैसे परत मिळतात, पण कारण अचूक सांगा

समजा, जबलपूरच्या नेपियर टाउनमधील एका मराठी गृहिणीने मुलीच्या लग्नासाठी इंटरनेटवरून १८,००० रुपयांची पैठणी मागवली आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरले. लग्नाची तारीख जवळ आली, पण पैठणी आली नाही. दुकानदार फोनही उचलत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत 'गेले ते गेले' म्हणून गप्प बसतात. मात्र रोख पैशांना नसलेली एक सोय कार्डाला आहे. तिचे नाव चार्जबॅक.

ग्राहकाने तक्रार केली की त्याची बँक त्या व्यवहारावर हरकत घेते. ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे जाते. दुकानदाराला माल पोहोचवल्याचा पुरावा देता आला नाही, तर रक्कम त्याच्याकडून वळती होऊन ग्राहकाला मिळते.

कारणाला क्रमांक असतो

प्रत्येक हरकतीला एक ठरावीक क्रमांक दिला जातो. व्हिसाने २०१८ मध्ये त्यांचे चार गट केले : १० म्हणजे फसवणूक, ११ मंजुरीतील दोष, १२ हिशेबातील चूक आणि १३ ग्राहकाची तक्रार. माल मिळालाच नाही तर १३.१, सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा निघाला तर १३.३, एकच रक्कम दोनदा कापली गेली तर १२.६. कार्डाचा तपशील चोरून दुसऱ्याच कुणी दूरवरून खरेदी केली तर १०.४. मास्टरकार्डचे क्रमांक वेगळे आहेत.

हे क्रमांक पाठ करण्याची गरज नाही, कारण ते बँकच लिहिते. पण ती लिहिते आपल्या सांगण्यावरून. पैठणी न मिळालेल्या गृहिणीने रागाच्या भरात 'माझी फसवणूक झाली' एवढेच लिहिले, तर 'हा व्यवहार मी केलाच नाही' असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. मग ओटीपी तिनेच दिल्याची नोंद पुढे येते आणि खरी तक्रारही फेटाळली जाते. तिने 'खरेदी मी केली, माल मिळाला नाही' असे स्पष्ट लिहावे. सोबत ऑर्डरची पावती आणि दुकानदाराला पाठवलेले संदेश जोडावेत.

घरातल्या मुलाने आईच्या कार्डावर खेळ विकत घेतला असेल, तर त्याला चोरी म्हणू नये. खोटी हरकत घेतली तर प्रामाणिक दुकानदाराला भुर्दंड बसतो.

तीन दिवसांचे मोल

कधी कधी ग्राहकाचा काहीच दोष नसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी कमाल १०,००० रुपये सोसावे लागतात. दोष ग्राहकाचा आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली गेली.

मात्र ओटीपी किंवा पिन स्वतःच कुणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. म्हणून लाजेने किंवा घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने एक तासही दवडू नये.

लक्षात ठेवा

* अनोळखी व्यवहार दिसताच प्रथम कार्ड बंद करा, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या.
* सायबर फसवणुकीसाठी १९३० वर फोन करा.
* मालाबाबत तक्रार असेल तर आधी दुकानदाराला लेखी कळवा. चार्जबॅकला मुदत असते, ती बँकेला विचारून घ्या.
* बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.
* दरमहा कार्डाचे बिल ओळ न ओळ वाचा. दुधाचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या गृहिणीला हे मुळीच अवघड नाही.