थोड्या पैशांत चांगला कॅमेरा : घेताना आणि वापरताना

गेल्या वर्षी आमच्या दादी अल्लाहला प्याऱ्या झाल्या. वय नव्वदीच्या घरात होते. जियारत झाली, पाहुणे गेले आणि काही दिवसांनी दुबईहून धाकट्या दिराचा फोन आला, "दादीचा एखादा चांगला फोटो पाठवा." आम्ही शोधायला बसलो. घरात पाच मोबाईल, त्यांत हजारो फोटो. बिर्याणीचे फोटो होते, मांजरीचे होते, समुद्राचे होते. दादींचे फक्त दोन. एक मतदार ओळखपत्रावरचा आणि दुसरा व्हॉट्सअॅपवर पाच जणांकडून फिरून आलेला. तो स्टुडिओत मोठा करायला दिला, तर चेहऱ्याऐवजी नुसते ठिपके दिसू लागले.

त्या दिवशी घरात प्रथमच कॅमेऱ्याचा विषय निघाला. आमच्या भाचीने तो उचलून धरला. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्नात बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाई हवी, अशी मागणी आपल्याकडे सर्रास असते आणि अशी बाई मिळत नाही, हे तिने बरोबर हेरले होते. तिने पाहिलेला कॅमेरा ७८ हजारांचा होता आणि दुकानदार हप्त्यांवर द्यायला तयार होता. पण हप्ते म्हणजे व्याज आले. अब्बांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, एका वाक्यात विषय संपवला, "सूद देऊन आणलेल्या वस्तूने रोजी सुरू करायची नाही."

आमच्याकडे भिशीचे ३० हजार होते. तेवढ्यात काय होते ते पाहू, असे ठरले. त्या शोधात आम्ही जे शिकलो, ते अशाच विचारात असलेल्या घरांसाठी लिहीत आहोत.

डीएसएलआर म्हणजे काय?

या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्यावरून वर जातो आणि डोळा लावायच्या खिडकीत समोरचे दृश्य दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. 'खटॅक' असा जो आवाज येतो तो याचाच.

मोबाईलपेक्षा फरक पडतो तो मुख्यतः सेन्सरच्या आकाराने. स्वस्त डीएसएलआरमधला सेन्सरही सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच असतो. बहुतेक मोबाईलचा सेन्सर त्याच्या मानाने अगदीच लहान असतो. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश मावतो, म्हणून मांडवातल्या अपुऱ्या उजेडातही चेहरा स्वच्छ येतो. दुसरा फायदा म्हणजे कामाप्रमाणे लेन्स बदलता येते.

आपल्याकडे एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, की 'कॅमेरा' हा शब्द अरबी आहे. तो अरबी नाही. तो लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ खोली. उर्दूतला 'कमरा'सुद्धा पोर्तुगीजांमार्फत त्याच घराण्यातून आला आहे. अभिमान बाळगायचा तर बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम (इ.स. ९६५ ते सुमारे १०४०) यांचा बाळगावा. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे जुने मत त्यांनी खोडले. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडले आणि अंधाऱ्या जागेत लहान छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग केले. कॅमेरा म्हणजे तीच अंधारी खोली, फक्त हातात मावणारी.

जुना का घ्यावा?

२००३ साली कॅननने '३०० डी' आणला आणि डीएसएलआर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. आता मोठ्या कंपन्यांचे लक्ष आरसा नसलेल्या, 'मिररलेस' कॅमेऱ्यांकडे वळले आहे. व्यावसायिक फोटोग्राफर नवे घेतात आणि जुने विकायला काढतात. आपल्यासारख्यांचा फायदा त्यातच आहे. जुना झाला म्हणून कॅमेरा वाईट फोटो काढू लागत नाही. कॅननच्या ज्या जातीच्या लेन्स या कॅमेऱ्यांना बसतात त्या १९८७ पासून बनत आल्या आहेत, त्यामुळे जुन्या लेन्सही भरपूर मिळतात.

या किमतीत सहज सापडणारी मॉडेले तीन-चार आहेत. कॅननचा '१५०० डी' आणि निकॉनचा 'डी ३५००' हे दोन्ही २०१८ सालचे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. निकॉन वजनाला हलका आणि त्याची बॅटरी फार वेळ टिकते. मात्र त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्याला जुनी लेन्स घेताना नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' आहे ना, ते पाहावे. नसेल तर फोकस हाताने करावा लागेल. कॅननचा '३००० डी' आणखी स्वस्त, पण तो १८ मेगापिक्सेलचा आणि लेन्स बसवायची त्याची चकती प्लास्टिकची. व्हिडिओत आवाज नीट हवा असेल तर बाहेरचा माईक जोडता येणारा '२०० डी' पाहावा. '१५०० डी' आणि 'डी ३५००' यांना ती सोय नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. भिंतीवर लावायच्या फोटोला १८ सुद्धा पुरतात.

आमची दोन हजारांची फी

पहिल्यांदा आम्ही घाईत फसलो. एका दुकानात कॅमेरा चकचकीत दिसला, पेटी होती, पट्टा होता, पैसे देऊन मोकळे झालो. घरी आल्यावर प्रत्येक फोटो धुरकट. एका जाणत्याने लेन्समधून टॉर्च मारून दाखवला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानदार ऐकेना. शेवटी दोन हजार कापून उरलेले पैसे परत दिले. ते दोन हजार आम्ही शिकवणीची फी समजलो. दुसऱ्या वेळी कागदावर यादी करून नेली. ती अशी :

लेन्स दोन्ही टोकांनी उघडून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरावी. धुळीचे चार कण चालतात, जाळे किंवा ढग चालत नाही.

शटर किती वेळा उडाले ते विचारावे. साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या साध्या मॉडेलांत तो कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने पाहावा लागतो. २०-३० हजारांच्या आतला उत्तम.

लेन्सला झाकण लावून एक फोटो काढावा. काळ्या फोटोत लाल-निळे चमकते ठिपके फार असतील तर सेन्सरमध्ये दोष आहे. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढावा. काळे डाग दिसले तर ती बहुधा धूळ असते. ती साफ होते, पण भाव कमी करून घ्यावा.

आपले मेमरी कार्ड सोबत न्यावे आणि दुकानात पन्नास फोटो काढावेत. फ्लॅश उडतो का, प्रत्येक बटण चालते का, बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहावे. आणि बिल घ्यावेच. बिल नसलेला स्वस्त कॅमेरा कोणाच्या घरातून चोरलेला असू शकतो, तो घेणे आपल्याला शोभत नाही.

मुंबईला जाणे होत असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारच्या परिसरात कॅमेऱ्यांची बरीच दुकाने आहेत. चार दुकाने फिरूनच घ्यावा.

आमचा हिशेब असा झाला : '१५०० डी' आणि सोबतची १८-५५ लेन्स १९ हजार, ५० मिलिमीटरची जुनी लेन्स साडेसहा हजार, कार्ड, बॅग आणि हवाबंद डबा दीड हजार. फी धरून २९ हजार. पेढ्यांना एक हजार उरले.

दुसरी लेन्स का घेतली?

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स दिवसा छान चालते. पण चेहरा जवळ घेतला की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली फ्लॅशशिवाय काम होते. आमचा सल्ला असा की पाच हजार जास्त असतील तर ते वरच्या मॉडेलवर घालू नयेत, अशा लेन्सवर घालावेत.

सुरुवात कशी करावी?

वरची चकती हिरव्या 'ऑटो'वरून काढून कॅननमध्ये 'एव्ही' किंवा निकॉनमध्ये 'ए'वर ठेवावी. तोंड किती उघडायचे ते आपण सांगायचे, वेळ कॅमेरा ठरवतो. एका माणसाला एफ २.८, घरच्या मंडळींच्या ग्रुपला एफ ५.६ किंवा ८. घरात आयएसओ ८०० ते १६०० ठेवायला घाबरू नये. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. माणसांसाठी शटर १/१२५ पेक्षा मंद होऊ देऊ नये. फोकसचा एकच ठिपका निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

आपल्या घरांत एक अडचण हमखास येते. समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून कॅमेरा उजेड मोजतो. ईदगाहवर पांढऱ्या कुर्त्यांच्या रांगा दिसल्या की तो त्यांना करडे करून टाकतो. तेथे '+/-' बटणाने +१ द्यावे. काळ्या बुरख्यातल्या बायका असल्या की तो उलट जास्त प्रकाश घेतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. तेथे −१ द्यावे. भाचीचे पहिले दीडशे फोटो या एका गोष्टीने बिघडले होते.

वयस्क माणसांचा फोटो फ्लॅशने काढू नये. सकाळी खिडकीजवळ बसवावे, प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा आणि त्यांना बोलते करावे. कॅमेरा विसरले की फोटो काढावा.

घरातले जुने निकाहनामे, परदेशातून आलेली उर्दू पत्रे, जहाजावरच्या नोकरीचे दाखले यांचेही फोटो काढून ठेवावेत. कागद खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवावा, कॅमेरा बरोबर वरून समांतर धरून ट्रायपॉडवर बसवावा, आयएसओ १००, एफ ८ आणि दोन सेकंदांचा टायमर. फ्लॅश बंद. शाई फिकी होण्याआधी हे काम करायला हवे.

पावसाळा आणि बुरशी

कोकणात कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत, कपाटात कोंडून ठेवला की बुरशी धरते. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दाण्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. तांदळात ठेवू नये, पीठ आत जाते. पावसात न वापरला तरी आठवड्यातून एकदा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढावेत.

इजाजत

अब्बांचे मन मात्र लगेच वळले नाही. माणसांच्या तस्वीरीबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत. काही जण ती नाजायज मानतात, काही जण कॅमेऱ्यातल्या चित्राला आरशातल्या प्रतिबिंबासारखे समजतात. आपण ज्या आलिमांना मानतो त्यांना विचारावे. आमच्या घरात जे ठरले ते एवढेच : विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही, मैय्यतीचा कधीच नाही. नमाजाच्या खोलीत फोटो लावायचे नाहीत. बायकांच्या बाजूचे फोटो व्हॉट्सअॅपवर जाणार नाहीत. ते पेनड्राईव्हवर नवरीच्या आईच्या हातात जातील आणि त्यांना मिळाल्यावर कार्ड पुसले जाईल.

गावात भाचीला कामे मिळाली ती या शेवटच्या अटीमुळे. पहिल्या लग्नाचे तिने काही घेतले नाही, दुसऱ्याचे चार हजार मिळाले. ते तिने आणून अब्बांच्या हातात दिले. अब्बांनी ते मोजले, परत तिच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "उद्या सकाळी उजेड चांगला असेल, नाही का?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच खिडकीजवळ येऊन बसले. तो फोटो आम्ही दोन ठिकाणी जपून ठेवला आहे. त्याची छापील प्रत अम्मींच्या पेटीत आहे आणि मागे पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहिली आहे. अल्लाह त्यांना लांब उमर देवो. तुमच्याही घरात कोणी वडीलधारे असतील तर कॅमेरा येईपर्यंत थांबू नका. हातात मोबाईल आहे, खिडकीत उजेड आहे, त्यांची इजाजत घ्या आणि आजच सुरुवात करा.